भिंत आधी की माग आधी?

परवा शनिवारी कपाट आवरत होतो. अगदी खालच्या कप्प्यात एक पिवळाधमक टी-शर्ट सापडला. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीला महापूर आला तेव्हा आमच्या कंपनीत (कुठली ते विचारू नका, हिंजवडीत सगळ्या सारख्याच) मदत गोळा करणाऱ्या स्वयंसेवकांना तो वाटला होता. छातीवर इंग्रजीत 'मी मदत केली' अशा अर्थाचं वाक्य. मी तो एकदाच घातला, फोटोपुरता.

कपाट तसंच उघडं टाकून लिहायला बसलोय. लेख जरा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

तर २०१९. कॅफेटेरियात मोठमोठी खोकी ठेवली होती आणि दोन दिवसांत ती ओसंडून वाहायला लागली. कपडे वेगळे करायचं काम आम्हा तिघांकडे आलं. काय काय निघालं म्हणून सांगू! लग्नातली शेरवानी, एका पायाचे मोजे, झुळझुळीत नाईटी, ब्लेझर, आणि एक गुडघ्यावर फाटलेली जीन्स, जी फॅशन म्हणून फाटलीय की खरोखरच, यावर आमची दहा मिनिटं चर्चा झाली. शेवटी सगळं ट्रकमध्ये भरलं, बॅनर लावला, फोटो काढला. खोटं कशाला बोलू, त्या रात्री मला फार छान झोप लागली.

आमच्याच टीममध्ये शिरोळकडचा एकजण होता. तो आठ दिवसांनी गावाहून परत आला. मी उत्साहाने विचारलं, "आपला ट्रक पोचला का रे?" तो म्हणाला, "कुठला तुमचा ते माहीत नाही. रस्त्याच्या कडेला कपड्यांचे ढीग पडलेत. घरात गुडघाभर चिखल आहे, आणि आख्ख्या गल्लीत मिळून चार फावडी. फावडी पाठवली असती तर बरं झालं असतं."

फावडी! आमच्या यादीत फावडं नव्हतंच. आमच्या यादीत आमच्या घरात जास्त झालेल्या वस्तू होत्या.

आपल्या धंद्यात याला काय म्हणतात ते तुम्हाला सांगायला नको. युजरला न विचारता रिक्वायरमेंट लिहायची, आपल्याला येतं तेच बनवायचं, आणि डिलिव्हरीच्या दिवशी केक कापायचा.

हे फक्त आमच्याच कंपनीत घडलं असंही नाही. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून आलेल्या जुन्या कपड्यांचे असेच डोंगर झाले होते. अंशू गुप्ता यांच्या 'गूंज' या संस्थेने त्यातले कितीतरी कपडे गोळा करून, वर्गवारी करून नंतर कामी आणले. तिथेच होड्यांचीही गंमत झाली. होडी दिली की फोटो चांगला येतो, त्यामुळे देणाऱ्यांची रांग लागली आणि काही ठिकाणी आधी होत्या त्यापेक्षा जास्त होड्या झाल्या. पण दुसऱ्याच्या होडीवर मजुरीने जाणारा माणूस, मासळी डोक्यावर घेऊन दारोदार विकणारी बाई, यांच्या नावावर मुळात होडीच नव्हती. मग नुकसान तरी कसलं दाखवणार?

असो. ही झाली लांबची गोष्ट. आता जवळची सांगतो, आणि यात चूक करणारा मी स्वतः आहे.

माझं आजोळ आंधळगाव. भंडारा जिल्ह्यात, मोहाडी तालुक्यात. (मंगळवेढ्याजवळही एक आंधळगाव आहे, ते वेगळं.) आमचं आंधळगाव कोशाच्या कापडाचं. कोसा म्हणजे ऐन-अर्जुनाच्या झाडांवर वाढणाऱ्या किड्याचं रेशीम, ज्याला टसर म्हणतात ते. उन्हाळ्याच्या सुट्टीत गेलो की सकाळी जाग यायची ती मागाच्या खटखटीने. मामाच्या घरात मागच्या खोलीत खड्डा माग होता. विणणारा जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसतो, पायाने पावड्या दाबतो, हाताने धोटा पळवतो. म्हणजे त्या घरात झोपायची जागा, स्वयंपाक आणि कारखाना, सगळं तीन खोल्यांत. आपलं वर्क फ्रॉम होम २०२० मधलं, त्यांचं पिढ्यान् पिढ्यांचं.

२०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला मोठा पूर आला. वर मध्य प्रदेशात धो धो पाऊस, शिवनी जिल्ह्यातल्या संजय सरोवराचं पाणी सोडलेलं, खाली गोसेखुर्दची दारं उघडलेली. भंडारा शहरातल्या वस्त्या पाण्याखाली गेल्याचे फोटो तुम्हीही पाहिले असतील. मामाच्या घरात काही नदी शिरली नाही. पण सततच्या पावसाने मातीची मागची भिंत फुगली आणि एका रात्री बसली. मागाच्या खड्ड्यात पाणी भरलं. माणसं पुढच्या खोलीत होती म्हणून वाचली.

मी पुण्यात, लॉकडाऊनच्या कृपेने घरीच. फोन आला, आणि मी लगेच प्रोजेक्ट मॅनेजर झालो. नेटवरून विटांचा भाव काढला, सिमेंटच्या पोत्यांचा हिशेब मांडला, एक्सेल शीट बनवली (हसू नका) आणि वीस हजार रुपये पाठवले. सोबत सूचना: आधी मागची भिंत, पक्क्या विटांची, बाकी सगळं नंतर.

तीन आठवड्यांनी व्हिडिओ कॉल केला. भिंतीच्या जागी निळी ताडपत्री फडफडतेय. आणि ओसरीत नवा खड्डा खणून मामाने माग तिकडे हलवलाय. माझे पैसे लाकडाला, नव्या फणीला आणि सुताराच्या मजुरीला गेले होते.

मी चिडलो. स्पष्टच सांगतो, वाईट बोललो. कोरोनात साड्या कोण घेणार आहे, पैसे कशाला दिले होते, तुम्हा लोकांना प्लॅनिंग म्हणून... वगैरे वगैरे. मामाने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बाबू, भित पडली तं ताडपत्री लावता येते. मागाले ताडपत्री नाई लावता येत. मागावरचं सूत माहं होतं का गा?"

मला काही कळलं नाही. मग मामीने फोन घेतला आणि समजावून सांगितलं. मागावर लावलेला ताणा व्यापाऱ्याच्या सुताचा होता. सूत त्याने आगाऊ दिलेलं, साड्या झाल्या की मजुरी कापून हिशेब. ते ओलं सूत वेळेत सुकवून दुसऱ्या मागावर चढवलं नसतं तर सगळं खराब झालं असतं आणि त्याची किंमत मामाच्या डोक्यावर बसली असती. कर्ज झालं की पुढची दोन वर्षं व्यापारी म्हणेल त्या मजुरीवर विणायचं. भिंत तर उभी राहिली असती, पण तिच्या आत बसून माणूस बांधला गेला असता.

माझ्या शीटमध्ये या सुताचा रकानाच नव्हता. कसा असणार? मी विचारलंच नव्हतं!

पुढे काय झालं? सिनेमासारखं काही झालं नाही. साड्या उशिरा गेल्या, पैसे तुकड्यातुकड्यांनी आले, आणि भिंतीला दुसरा पावसाळा तोंडावर यावा लागला. हिवाळ्यात ताडपत्रीच्या आडून गार वारा यायचा, आजी खोकायची, हेही खरं. पण ते कुटुंब कर्जात गेलं नाही, आणि काय सोसायचं ते त्यांनी स्वतः ठरवलं.

मला जे म्हणायचंय ते एवढंच: आपत्तीनंतर गरीब घराला सर्वात जास्त गरज असते ती निर्णय घेण्याच्या मोकळिकीची, आणि आपण देणारे नेमकी तीच काढून घेतो.

गरीब घरात सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं. घर, धंदा, उधारी, जनावर, पोरीची शाळा. कुठली दोरी आधी ओढली तर गाठ सुटेल हे बाहेरून दिसत नाही. आपल्याला पडलेली भिंत दिसते, कारण तिचा फोटो निघतो. व्यापाऱ्याच्या सुताचा फोटो निघत नाही.

सरकारचंही बघू. आपत्ती निवारण निधीचे केंद्राचे निकष आहेत. २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांत सपाट प्रदेशात पूर्ण पडलेल्या घराला १,२०,००० रुपये. घर पूर्ण पडलेलं नसेल, पण किमान १५ टक्के पडझड असेल, तर पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्याला ४,०००. कारागिराची हत्यारं-अवजारं गेली तर ५,००० आणि कच्चा किंवा तयार माल गेला तर आणखी ५,०००. राज्य सरकार कधी कधी वर भर घालतं. या रकमा कमी आहेत असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला अडचण दिसते ती रकान्यांची. पंचनामा म्हणजे एक ड्रॉपडाउन: पूर्ण, अंशतः, किंवा काहीच नाही. त्यातून घर अधिकृत असावं लागतं. म्हणजे गायरानावर, नाल्याच्या काठावर, जागा नावावर नसलेलं घर (जिथे पाणी सर्वात आधी शिरतं!) ते अडकलंच. आणि मामाच्या शेजारी एक काकू राहतात, त्या कोशातून धागा काढून देतात, नगावर मजुरी. त्यांच्या घराचा एक कवेलूसुद्धा पडला नाही. पण आजूबाजूचे माग थांबले तसं त्यांचं काम थांबलं. त्यांचं नुकसान कुठल्या रकान्यात लिहायचं? तामिळनाडूतल्या मासळी विकणाऱ्या बाईच्या शेजारीच बहुतेक.

तलाठ्याला शिव्या घालण्यात अर्थ नाही. हजारो घरं, थोडे दिवस, त्याला काहीतरी मोजता येण्यासारखंच मोजावं लागणार. सरकारी पैशाला नियम हवेतच. पण मग आपण जो खाजगी मदतीचा पैसा देतो त्याचं काम हेच नाही का, की या रकान्यांच्या बाहेर जे उरतं तिथे पोचायचं? आपण मात्र सरकारपेक्षाही कडक फॉर्म घेऊन जातो: हे किट घ्या, यात तेल आहे, साबण आहे, चादर आहे, आणि आमच्या बॅनरखाली उभे राहा.

"अरे, पण नुसते पैसे दिले तर लोक दारूत घालतील." हा प्रश्न येणार हे माहीत होतं. काहीजण घालतीलही. आपल्या बोनसमधला काही भाग कुठे जातो हे मी विचारत नाही, तुम्हीही विचारू नका. :) पण हा प्रश्न गंमतीवारी नेण्यासारखा नाही, कारण त्यामागे एक खरी शंका आहे: निर्णय लोकांवर सोपवला तर ते चुकीचं बांधणार नाहीत का?

याचं उत्तर शोधायला किल्लारीकडे जावं लागतं.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं, माणसं दमून झोपलेली. लातूर-उस्मानाबादेत भूकंप झाला आणि आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. मारलं मुख्यतः घरांनी. मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंती आणि वर मातीचं जड माळवद. पिढ्यान् पिढ्या लोकांनी स्वतःच्या निर्णयाने बांधलेली घरं! म्हणजे 'लोकांना सगळं कळतं' असं म्हणून हात झटकता येत नाहीत.

त्यानंतर जागतिक बँकेच्या कर्जाने जे पुनर्वसन झालं त्यात दोन वाटा होत्या. पहिली वाट: सर्वाधिक उद्ध्वस्त झालेली ५२ गावं नव्या जागी वसवायची. तिथे सरकारने आणि देणगीदार संस्थांनी घरं बांधून दिली. चौकोनी आखणी, रुंद रस्ते, एका ओळीत एकसारखी घरं. जुन्या गावातल्या गल्ल्या, भावकीचे वाडे, गोठे, अंगणं हे नकाशात कुठून येणार? आणि घर किती मोठं मिळणार हे ठरलं जमिनीवरून. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्यांना २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांना ४००, आणि त्यावर जमीन असलेल्यांना ७५०. ज्याच्याकडे काहीच नव्हतं त्याला सर्वात लहान घर. कागदावर तर्क असेल, पण वाचताना गिळवत नाही.

दुसरी वाट: जिथे घरं अंशतः पडली होती तिथे, अनेक जिल्ह्यांत मिळून जवळपास दोन लाख घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण, आणि ते घरमालकाने स्वतः करायचं. पैसे हप्त्याहप्त्याने त्याच्याकडे. सोबत इंजिनिअर आणि शिकवलेले गवंडी. आणि सर्वात महत्त्वाचं म्हणजे गावोगाव नेमलेल्या 'संवाद सहायक' बायका. प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयम शिक्षण प्रयोग' या संस्थेने महिला मंडळांमधून हे काम उभं केलं. या बायका घरोघरी जाऊन सांगायच्या की पैसे कशाचे आहेत, कोपऱ्याला मजबुती का द्यायची, पुढचा हप्ता कधी मिळेल, आणि अडलं तर कोणाकडे जायचं. पुढे २००१ च्या कच्छच्या भूकंपानंतर गुजरातने घरमालकालाच पैसे देऊन घर बांधायला लावायची ही पद्धत फार मोठ्या प्रमाणावर वापरली.

मला यातून कळलेलं असं. नव्या गावांतही चांगली घरं झाली, आणि दुसऱ्या वाटेवरही दिरंगाई झालीच असणार. पण दुसऱ्या वाटेत एक गोष्ट बरोबर होती: भूकंपात टिकणारा कोपरा कसा बांधायचा हे इंजिनिअरला कळतं, म्हणून ते त्याने सांगायचं. चूल कुठे, गोठा कुठे, माग कुठे, आधी काय आणि नंतर काय, हे घरच्यांना कळतं, म्हणून ते त्यांनी ठरवायचं. निर्णय सोपवणं म्हणजे सोडून देणं नव्हे. सोबत राहायचं, पण स्टिअरिंगला हात लावायचा नाही.

आणि सोबत राहायचं म्हणजे किती दिवस? इथे आपण सगळेच नापास आहोत. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात आणि सोलापूर भागात पूर आला तेव्हा माझ्या व्हॉट्सॲपवर आठ दिवस मदतीच्या आवाहनांचा पूर होता. पंधराव्या दिवशी शुकशुकाट. आपला उत्साह टीव्हीवरच्या बातमीबरोबर येतो आणि जातो. गरीब घराची खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. शिधा संपतो, पंचनाम्याचे पैसे आलेले नसतात, सावकाराचा माणूस दारात येतो, आणि बैल किंवा माग विकायला निघतो. पहिल्या आठवड्यात दिलेल्या पाचव्या चादरीपेक्षा चौथ्या महिन्यात दिलेले दोन हजार कितीतरी जास्त काम करतात.

पहिल्या तीन-चार दिवसांचं वेगळं आहे, ते मान्य. तेव्हा अन्न, पाणी, औषधं, ताडपत्री, फावडी लागतातच. पण तेही तिथल्या माणसाला फोन करून विचारून.

तर थोडक्यात काय, मी आता माझ्यापुरते चार नियम केलेत. पटले तर घ्या, नाहीतर सोडून द्या.

एक. कपडे नाहीत. जुने तर नाहीतच.

दोन. द्यायचे ते पैसे, आणि त्यावर 'अमुकच कामासाठी' असं लेबल न लावता. ओळखीचं घर असेल तर थेट त्यांना. नसेल तर पुराच्या आधीपासून त्या भागात काम करणाऱ्या आणि नंतरही तिथेच राहणार असलेल्या संस्थेला.

तीन. जेवढं द्यायचंय त्यातलं अर्धंच लगेच द्यायचं. उरलेल्या अर्ध्यासाठी फोनमध्ये चार महिन्यांनंतरचा रिमाइंडर लावायचा. (आपण स्टँडअपला रिमाइंडर लावतो, याला लावायला काय हरकत आहे?)

चार. पैशाइतकाच आपला वेळ लागतो, पण तो कपडे निवडण्यात घालवू नका. अर्ज भरणं, बँक खात्याचं अडलेलं आधार जोडणं, पंचनाम्यात नाव सुटलं तर तक्रार कुठे करायची ते शोधणं, ही कामं आपल्याला फोनवरूनसुद्धा जमतात. माझ्या मामाला वीटभट्टीचा भाव मी सांगायची गरज नव्हती. तहसीलच्या अर्जातली चुकलेली स्पेलिंग दुरुस्त करून द्यायची होती, आणि ती मी दोन महिन्यांनी केली, तीसुद्धा मामीने तीनदा आठवण केल्यावर.

गेल्या दिवाळीत आंधळगावला गेलो होतो. मागची भिंत आता विटांची आहे, पण माग ओसरीतच आहे. मी विचारलं, आता परत आत का नाही नेत? मामा म्हणाला, "इथं उजेड चांगला येते." बस, एवढंच कारण. मी माझ्या एक्सेल शीटबद्दल काही बोललो नाही, त्यानेही विषय काढला नाही. जेवायला बसल्यावर तेवढं म्हणाला, "त्या टाइमाले पैसे तूनंच पाठवले होते ना बाबू. आमच्या ध्यानात आहे."

हे ऐकून चेहरा कुठे लपवावा ते कळेना.

चला, कपाट अजून उघडंच आहे. तो पिवळा टी-शर्ट गाडी पुसायला काढलाय. कापड चांगलं आहे, पाणी मस्त शोषतं.